९.३० ते ९.५० : मनसोक्त हसणे

जळगावातील आमच्याच कॉलनीतल्या ‘स्लीपओव्हर’च्या आयोजक पालकांस,



मे महिन्यातल्या शनिवारी आमच्या मुलीला आपल्या घरी रात्रीच्या मुक्कामाला बोलावलंत, त्याबद्दल आधी आभार. सोबतची चार पानी कार्यक्रमपत्रिका वाचली. पंतप्रधानांच्या दौऱ्याचीही इतकी बारीक आखणी होत असेल असं वाटत नाही. ७.०० ते ७.२० परस्परपरिचय. (मुलं बालवाडीपासून एका वर्गात आहेत, पण असो.) ७.२० ते ८.०० पिझ्झा बनवूया. ९.३० ते ९.५० मनसोक्त हसणे, मार्गदर्शकासह. ११.०० वाजता दिवे बंद, शांत झोप. या शेवटच्या ओळीवरून आपल्या घरी याआधी सात-आठ मुलं एकत्र झोपलेली नाहीत, एवढं कळलं.

आठ वाजता शेकोटी आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. दिवस मावळल्यावरही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. अशा वेळी मुलांना शेकोटीभोवती बसवायचं म्हणजे धाडसच. ती विजेच्या दिव्यांची आहे असं तळटिपेत वाचलं आणि जीव भांड्यात पडला. आता वीज तेवढी जायला नको, नाहीतर शेकोटीच विझायची.

त्यानंतरचं तारांगण तर अप्रतिम. दिवाणखान्याच्या छतावर प्रोजेक्टरने तारे दाखवणार, त्यासाठी खिडक्यांना काळे पडदेही आणलेत. आपल्या त्या छतावर गच्ची आहे, हे नम्रपणे नजरेस आणून देतो. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले असतात, स्वाती जवळजवळ माथ्यावर असते आणि आग्नेयेकडून विंचू वर सरकत असतो. भाडं पडत नाही.

मी मूळचा धुळ्याचा. आजीच्या घरी सुट्टीत आम्ही भावंडं जमायचो, तेव्हा कार्यक्रमपत्रिका नव्हती, कामं होती. दिवस कलला की गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचं. पहिल्या पाण्याला स्लॅब चरचरायची आणि वाफ अंगावर यायची. मग सतरंज्या, वर गोधड्या, उशाशी पाण्याची कळशी. ज्यांना खालीच झोपायचं त्यांची कूलरसमोरच्या जागेवरून मारामारी. त्यात डाव कोण जिंकतं ते ठरलेलं असायचं: कूलरमध्ये पाणी ज्यानं भरलं, त्याची जागा पहिली. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. डास फोडून काढायचे, एखाद्याचं अंथरूण ओलं व्हायचं आणि त्याची चेष्टा वर्षभर पुरायची, ते वाईटच होतं. पण रात्री काय करायचं हा प्रश्न कुणाला पडला नाही. पाच-तीन-दोन, झब्बू, गाण्याच्या भेंड्या, भुताची गोष्ट, आणि ती ऐकून ज्याला लघवीला जायचंय त्याच्यासोबत चौघांनी जिना उतरणं. खालून आजीचा आवाज यायचा, “पोरेसहोन, जपा ना आते!” म्हणजे झोपा आता. त्यावर हसू दाबायला मार्गदर्शक लागत नसे.

आपल्या पत्रिकेत पत्ते नाहीत, कारण ‘मूल्ये’. ज्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, थोरामोठ्यांचे डाव राजरोस रंगतात, तिथे मुलांनी बदाम सात खेळल्यानं संस्कार बुडतील ही भीती नवी आहे.

खेळच हवे असतील तर भुलाबाईचा घ्या. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर मुली घरोघर गाणी म्हणतात, आणि शेवटी डबा हलवून, आवाजावरून आत कोणता खाऊ आहे ते ओळखायचं. मे महिन्यात चालणार नाही असं कुठे लिहिलंय? एक डबा, मूठभर शेंगदाणे, आणि अर्धा तास कडाक्याचं भांडण. आणि मुक्कामच पाहायचा तर श्रावणात कानबाईला या. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी एका घरी, रात्रभर जागरण. मुलं गाण्यांतच पेंगतात, मिळेल त्या मांडीवर आडवी होतात. सकाळी कुणाचं पोर कुणाच्या गोधडीत ते शोधून विसर्जनाला निघायचं. ‘झोपण्याच्या जागेचा नकाशा’ हे आपलं चौथं पान तिथं कुणाला सुचलेलं नाही.

गोष्टीसाठी आपण कथाकथनकार बोलावलेत, मानधनावर. अमळनेर आपल्यापासून फार लांब नाही. तिथल्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, त्यांची अंथरुणं आवरायचे. मुलांबरोबर राहायचं तर मोठ्यांनी करायचं काम बहुतेक एवढंच. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यात प्रकरणांच्या जागी रात्री आहेत, रोज रात्री श्याम आश्रमातल्या सोबत्यांना एक आठवण सांगतो. ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो’ ही आपली पंधरा मिनिटांची चर्चा तिथं नाही. मुलं रडायची तर रडली, गप्प बसायची तर बसली.

पिझ्झ्याला माझा विरोध नाही, मीही खातो. फक्त रविवारी सकाळी पाचला मुलांना उठवणारच असाल (‘सूर्यनमस्कार व कृतज्ञता’), तर शेजारच्या मावशींच्या गच्चीवर पाठवा. त्या दिवसांत तिथं बिबडे घालायचं काम चालू असतं. ज्वारीचं गरम, तिखट, लसणाचं पीठ हाताला चटके देत जुन्या साडीवर थापायचं. निम्मं पोटात जातं, आणि राखणीला बसलेली मुलं उन्हात अर्धवट वाळलेले बिबडे कावळ्याआधी उडवतात. आपल्या ‘सेन्सरी अॅक्टिव्हिटी’साठी मागवलेल्या रंगीत वाळूपेक्षा स्वस्त पडेल, आणि खाताही येईल.

एवढं लिहूनही मुलगी येणार आहे. तिला मी पत्रिका दाखवली नाही.

सोबत पाठवत आहे : गोधडी एक, बिबड्यांचा डबा एक, पत्त्यांचा कॅट एक (चौकटची राणी नाही, तिच्याऐवजी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा चालतो). गच्चीची किल्ली मुलांच्या हाती लागेल अशी विसरावी, ही विनंती. कठडा उंच आहे ना, तेवढं मात्र पाहून ठेवा, आणि आपण दोघं खालच्या खोलीत कूलर लावून झोपा. झोप लागणार नाहीच.

आपला,
एक पालक

ता. क. : अभिप्रायाचा छापील अर्ज आधीच भरून जोडला आहे, म्हणजे रविवारी धावपळ नको. ‘आपला पाल्य या उपक्रमातून काय शिकला?’ यापुढे लिहिलंय : पानं लपवायला.