होतकरू नेत्यांसाठी: जाब न देता नेतृत्व कसं करावं

या विद्येसाठी मुंबई गाठायची गरज नाही. भिगवणला उतरा, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी चिलापीची थाळी मागवा आणि वही उघडा.

हिशेब कधी नाकारू नये. आकड्यावर आकडा घालावा. सिंचनावर दहा वर्षांत सुमारे 70 हजार कोटी ओतून ओलिताखालचं क्षेत्र 0.1 टक्काच वाढलं, असं राज्याच्या आर्थिक पाहणीवरून दिसत होतं. नोव्हेंबर 2012 च्या श्वेतपत्रिकेत तीच वाढ 5.17 टक्के झाली. इतक्या झटपट ओलित पावसालाही जमत नाही.

राजीनामा द्यावा, पण परतीचं तिकीट काढून. अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपद सप्टेंबर 2012 मध्ये सोडलं, डिसेंबरात पुन्हा शपथ घेतली.

खरा धडा मात्र निंबोडीचा. एप्रिल 2013. दुष्काळ. उजनीचं पाणी सोडा म्हणून सोलापूरकडचा एक शेतकरी आझाद मैदानात पन्नासहून अधिक दिवस उपोषणाला बसलेला. इंदापूर तालुक्यातल्या निंबोडीच्या सभेत उपमुख्यमंत्र्यांनी धरण भरण्याचा जो देहधर्मी उपाय काढला, तो इथे छापवत नाही. राज्य खवळलं. मग माफी झाली, 14 एप्रिलला कराडात यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश झाला. होतकरूंनी इथे रेघ ओढावी: क्लेश जिभेचा झाला, गदारोळही जिभेवरच झाला. पाणी राहिलं मागच्या रांगेत. जिभेची माफी एका दिवसात उरकते, पाण्याला कालवा खणावा लागतो.

दोन दगडांवर पाय ठेवायची सवयही हवी. एप्रिल 2021 मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी पाणी मंजूर झालं. इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे तेव्हा सोलापूरचेच पालकमंत्री. सोलापूर पेटलं, तेव्हा हे तर पुण्याकडून येणारं सांडपाणी, असा खुलासा आला. मे महिन्यात आदेशच रद्द. एका काठावर ‘आणलं’ आणि दुसऱ्या काठावर ‘नेलंच नाही’, ही दोन्ही भाषणं एकाच हारात करता आली पाहिजेत.

एवढ्यावरही कुणी अडून बसलाच, तर उजनीकडे बोट दाखवावं. मृतसाठाच 63 टीएमसीच्या घरात, त्यामुळे उन्हाळ्यात हे धरण ‘मायनस’मध्ये जातं आणि तरी त्यात पाणी असतं. आश्वासनंही तशीच मोजावीत: पूर्ती उणे चाळीस टक्के, म्हणजे बुडाशी अजून बरंच शिल्लक आहे. हे गणित ज्याचा ऊस वाळतोय त्याला समजावताना मात्र गाडीचं इंजिन चालू असू द्यावं.