रिलीज मॅनेजर

मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रत्येक मुरलेल्या प्रकल्पात एक गृहस्थ असतात. ते कोड कमी लिहितात आणि 'नाही' जास्त म्हणतात. हे रिलीज मॅनेजर. पगार नाही. पद मिळालं तेही असंच: आधीचा माणूस चार दिवसांच्या सुट्टीवर गेला, तो गेलाच.

तीन आकडे आणि दोन टिंबं ही यांची सगळी इस्टेट. चूक दुरुस्त झाली की शेवटचा आकडा वाढतो, नवी सोय आली की मधला, आणि लोकांचं चालू असलेलं काही मोडणार असेल तर पहिला. मोडण्याला यांची हरकत नसते. न सांगता मोडण्याला असते. एखादं नवं पोर विचारतं, "दादा, ३.९ नंतर ४.० ना?"

"३.१०."

"पण ३.१० म्हणजे ३.१च की!"

यावर अर्धा तास व्याख्यान: हा दशांश नव्हे, टिंबाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र पूर्णांक आहेत. पोराचाही दोष नाही म्हणा. २०२१ मध्ये पायथन ३.१० आली तेव्हा, ज्यांनी वायएएमएल फायलीत हा आकडा अवतरणचिन्हांशिवाय लिहिला होता, त्यांच्या यंत्रांनीही तो ३.१ असाच वाचला.

यांचं दैवत डोनाल्ड क्नूथ. त्यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचा आकडा दर सुधारणेला 'पाय'च्या एकेक अंकाने जवळ सरकतो. २०२१ मध्ये ३.१४१५९२६५३ वर आला. आपल्या निधनानंतर आवृत्ती थेट पाय करावी आणि उरलेल्या चुकांना वैशिष्ट्यं समजावं, असंही क्नूथ लिहून बसलेत. याउलट लायनस टोरवाल्ड्झ यांचं नाव निघालं की गृहस्थांचा चेहरा कडू होतो. २०११ मध्ये त्यांनी लिनक्सचं २.६.३९ नंतर सरळ ३.० केलं, कारण काय, तर आकडे फार वाढले होते! मोडलं काहीच नाही. "मग पहिला आकडा हलवलाच का?" हा प्रश्न ते अजून विचारतात, उत्तर ठाऊक असूनही.

१.० ला मात्र हात लावत नाहीत. वाइन हा प्रकल्प १९९३ ला सुरू झाला आणि १.० वर पोचला २००८ ला, हे ते अभिमानाने सांगतात. १.० म्हटलं की लोक भरवसा ठेवतात, आणि नेमकं तेच यांना नको असतं.

फ्रीझ लागला, म्हणजे रिलीजपूर्वी नवे बदल घेणं थांबलं, की गृहस्थांना आणखी जोर चढतो. "एका ओळीचा बदल आहे हो," कुणी गयावया करतं. "पुढच्या रिलीजला." मग चाचणीसाठी आरसी-१, म्हणजे पहिली रिलीज कँडिडेट, निघते. कुणी उतरवून घेत नाही. आरसी-२ निघते, तिचीही तीच गत. सगळं आलबेल समजून ते अंतिम आवृत्तीचा टॅग लावतात, आणि चहा गार व्हायच्या आत पहिली तक्रार येते: प्रोग्राम सुरूच होत नाही. टॅग मागे घ्या, कुणी सुचवतं. छे! लागलेला टॅग हलवायचा नाही, हा यांचा धर्म. रात्री दोनला .१ निघते, आणि बदलांच्या यादीत गृहस्थांनी घाईत केलेली शुद्धलेखनाची चूक कायमची राहते.

तेव्हा वाचकहो, वापरात असलेल्या एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरची आरसी आली, तर एकदा तरी उतरवून चालवून बघा. आणि काही मोडलेलं दिसलं तर टॅग लागण्यापूर्वी कळवा.