बाटली नको, तपासणी हवी

केमिस्टच्या काउंटरवरची पुरुष गिऱ्हाइकं हटेपर्यंत बाजूला ताटकळणारी बाई कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसते. दुकान रिकामं झालं की ती खालच्या आवाजात सांगते, पांढरं जातंय, वास येतो, कंबर भरून येते. अंदाजाने दोन गोळ्या आणि वर सुगंधी ‘इंटिमेट वॉश’ची बाटली तिच्या हातात पडते, कागदात गुंडाळून. बुरशी झालीय, जंतूंचा समतोल बिघडलाय की काहीच झालेलं नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

त्या बाटलीचा मला राग आहे. योनिमार्ग आतून धुवायची गरजच नसते. थोडा स्राव जाणं नैसर्गिक आहे, पाळीच्या चक्राप्रमाणे तो कमीजास्त, पातळ-घट्टही होतो. तिथे लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंची वस्ती असते. जर्मन डॉक्टर आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्येच त्यांचं वर्णन करून ठेवलंय. हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, पीएच ३.८ ते ४.५ च्या दरम्यान ठेवतात आणि त्या आंबट वातावरणात उपद्रवी जंतूंचं फावत नाही. आत साबण किंवा जंतुनाशक घातलं की या राखणदारांचंच नुकसान होतं. (दही लावायचा घरगुती सल्लाही नको. दह्यातले जिवाणू त्यांचे लांबचे भाऊबंद, पण तिथे राहणारे नव्हेत.)

राखणदार घटले आणि दुसऱ्या जंतूंची गर्दी झाली की त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. कित्येकींना काही जाणवतही नाही. पण या बिघाडाचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी आहे, आणि एचआयव्हीसह लैंगिक संसर्गांचा धोकाही त्याने वाढतो.

तपासणी सोपी आहे. पीएचची कागदी पट्टी स्रावाला लावायची, रंग ४.५ च्या पुढे गेला तर संशय घ्यायचा. मग काचपट्टीवर स्रावाचा थेंब, त्यात थोडं सलाइन. बिघाड असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जंतूंनी इतक्या माखलेल्या दिसतात की त्यांची कडच ओळखू येत नाही. थुंकीतला क्षय आणि रक्तातला मलेरिया शोधायला आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सूक्ष्मदर्शक असतो. बाईच्या काचपट्टीसाठी तो मोकळा का होत नाही?

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. त्या अभ्यासाचं जगभर नाव झालं. आपल्याकडे मात्र अजूनही टेबलावर न घेता, खुर्चीतल्या खुर्चीत चिठ्ठी लिहून दिली जाते. बाई लाजते हे कारण पुढे करू नका. आडोसा, पडदा आणि नीट बोलणारी नर्स मिळाली की बाई तपासून घेते.

आता नवऱ्यांविषयी. बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा त्रास बरा होऊन पुन्हा पुन्हा उलटतो आणि दर वेळी बोल लागतो तो बाईच्या स्वच्छतेला. मेलबर्नच्या संशोधकांनी १६४ जोडप्यांवर केलेली चाचणी मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. फक्त बाईवर उपचार केले तेव्हा बारा आठवड्यांत ६३ टक्के जणींचा त्रास परतला. पुरुषालाही आठवडाभर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लिंगावर लावायचं क्लिंडामायसिनचं मलम दिलं, तेव्हा ३५ टक्के. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. डॉक्टरांनो, तीच बाई तेच दुखणं घेऊन परत आली, तर दुसरा केसपेपर नवऱ्याच्या नावाने काढा.