चिकटत नाही

अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात लोहचुंबक असतं. बिघडलेल्या स्पीकरमधून काढलेलं, मेदूवड्याएवढं, मेदूवड्यासारखंच मधे भोक असलेलं. त्यामुळे सदरा कायम एका बाजूला लोंबतो आणि किल्ल्या, दोन रुपयांची नाणी, एखादा वाकडा खिळा असा सगळा संसार त्या वड्याला बिलगून बसलेला असतो. भाजीवालीला सुटे देताना अण्णा नाणं आधी सोडवतात, मग देतात.

आमच्या सोसायटीत ते राहायला आले तेव्हा मी ओळख करून घ्यायला गेलो नाही, तेच आले. नाव-गाव झालं, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे, चपलांच्या स्टँडवर. शेवटी न राहवून त्यांनी चुंबक काढलं, लावलं, ते टपकन चिकटलं. “पत्रा,” अण्णा खिन्न होऊन म्हणाले. “तरी काढणार असाल तेव्हा आधी मला सांगा.”

चिकटलं की अण्णांचा चेहरा पडतो, हे मला हळूहळू कळलं. चिकटलं म्हणजे लोखंड, आणि लोखंडाला किलोमागे तीसएक रुपये. तांब्याला त्याच्या वीस-पंचवीस पट. पितळ, जर्मन, चांगलं स्टील, यातलं काहीच चिकटत नाही. त्यामुळे चुंबक नुसतंच घसरलं की अण्णांच्या तोंडावर, दहावीत नात पहिली आल्यासारखा आनंद पसरतो. एका लग्नात आहेराच्या टेबलावरची समई त्यांनी अशीच तपासली. घसरलं. “भरीव आहे हो,” असं त्यांनी वधुपित्याला कौतुकाने सांगितलं. वधुपिता अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

हा नाद नोकरीतला. भोसरीच्या एका कारखान्यात अण्णा एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. लेथखालचा कीस पोत्यात भरून त्याचा लिलाव व्हायचा, तेव्हा बोली लावायला येणाऱ्यांच्या गाड्या साहेबांच्या गाडीपेक्षा मोठ्या असायच्या. “आपण चुकीच्या दारात बसलो,” अण्णा सांगतात. “जन्मभर आत येणाऱ्या मालाच्या पावत्या केल्या. पैसा बाहेर जाणाऱ्या मालात होता.” रिटायर झाल्यावर त्यांनी दार बदललं, इतकंच.

एकतीस डिसेंबरला गच्चीवर पोरांची पार्टी असते. बाकीचे ज्येष्ठ नागरिक कमिटीकडे तक्रार करतात. अण्णा मात्र साडेदहाला वर जाऊन “अजून एकेक घ्या रे, वर्षातून एकदाच तर बसता,” असा आग्रह करतात. बिअरचा रिकामा डबा चौदा-पंधरा ग्रॅमचा, म्हणजे किलोला सत्तरएक डबे लागतात. गेल्या वर्षी एकोणसाठ झाले. एक जानेवारीला सकाळी अण्णा चहा पिताना इतके हळहळत होते की मला वाटलं, कुणीतरी गेलं.

पण खरा जीव तांब्यात. जुनी वायर जाळली की आवरण जातं, पण तांबं काळं पडतं आणि भाव उतरतो. शिवाय त्या धुराने वरच्या मजल्यावरच्या बाई खाली येतात. म्हणून अण्णा वायर सोलतात, तेही माईंच्या विळीवर. सकाळी गॅलरीत पाट मांडून बसतात, वायरीचं टोक पात्याला टेकवतात आणि भेंडीला उभी चीर द्यावी तशी ओढत नेतात. लाल साल दोन्हीकडे वळत जाते आणि आतून तांबं निघतं, ऊन पडलं की डोळ्यांवर येईल असं. त्या वेळी त्यांना हाक मारू नये. त्या घरात भेंडी सुरीने चिरतात.

हे तांबं ते लगेच विकत नाहीत. लंडनच्या धातुबाजारात टनाला किती डॉलर चालू आहेत, ते रोज मोबाइलवर बघतात. चिलीतल्या खाणकामगारांनी संप केला की अण्णांची कळी खुलते. “थांबू थोडं. भाव अजून चढणार.” माल साडेआठशे ग्रॅम.

एकदा मला ते विकायच्या दिवशी बरोबर घेऊन गेले. कारण त्यांनी मैत्री सांगितलं, पण पिशवी जड होती. दुकानदार काट्यामागे बसलेला. अण्णांनी शेवटी हुकमाचा एक्का काढावा तसा एक चकचकीत नळ काढला. “पितळ. वर क्रोम आहे नुसता. चुंबक लावून बघा.”

दुकानदाराने चुंबकाला हातही लावला नाही. कानस घेतली आणि नळावर एकदाच घासली. पिवळं दिसायला हवं होतं, करडं दिसलं.

“जस्त आहे, अण्णा.”

“चिकटत नाही पण!”

“जस्त कुठं चिकटतं?”

अण्णा परत येईपर्यंत गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुसऱ्या खिशात कानस आली. आता सोसायटीतल्या लोकांनी नळ फडक्याने झाकायला सुरुवात केली आहे.

हिशेबाची एक वही आहे. गेल्या साली जमा 2,865 रुपये. रिक्षा ‘प्रवास’ या खात्यात जाते, धनुर्वाताची इंजेक्शनं ‘औषधपाणी’मध्ये. भंगाराच्या खात्याला खर्चाचा रकानाच नाही, त्यामुळे धंदा पहिल्या दिवसापासून फायद्यात आहे. न विकला गेलेला एकच नग गॅलरीत पडून आहे: बंद पडलेल्या एका शाळेची घंटा, म्हणजे रुळाचा हातभर तुकडा. शाळेच्या शिपायाने प्रेमाने दिला. दुकानदार म्हणाला, रेल्वेचा माल दारातसुद्धा आणू नका, पोलीस मला नेतील. आता त्यावर अण्णा खिळे सरळ करतात. माईंना जेवायला हाक मारायची असली की त्या त्यावर उलथनं मारतात, आणि अख्खी बिल्डिंग जेवायला बसते.

पावसाळ्यात अण्णांचा गुडघा बदलला. मी दवाखान्यात भेटायला गेलो तर डॉक्टर नुकतेच बाहेर पडत होते, जरा वैतागलेले. “दुखतंय का, विचारलं,” ते मला म्हणाले, “तर म्हणतात, वजन किती?”

आत अण्णा उशीला टेकून बसले होते. आजूबाजूला नर्स नाही असं बघून त्यांनी उशीखालून चुंबक काढलं आणि बँडेजवरून हलकेच फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. घसरलं.

“कोबाल्ट आहे,” ते कुजबुजले. “आणि टायटॅनियम. माई, फोन दे.”

फोन त्यांनी स्पीकरवर टाकला. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं, धातूंची नावं दोनदा विचारली.

“असा भाव नाही सांगता यायचा, अण्णा,” तो म्हणाला. “घेऊन या. काट्यावर ठेवा, मग बघू.”