शब्द लठ्ठ, वाक्य मठ्ठ

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘वर्ड चेन’ नावाचा दोन गुणांचा प्रश्न असतो. एक नाम दिलेलं असतं. त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसरं नाम, दुसऱ्याच्या शेवटच्या अक्षरावरून तिसरं, अशी चार नामं पुढे लिहायची. म्हणजे सहलीच्या बसमधल्या भेंड्यांना मंडळाने अधिकृत मान्यता दिली आहे, फक्त गाणं म्हणायला बंदी.

यावर रामबाण तोडगा आहे. ‘टेबल’ आलं की पुढे ईगल, आय, एज, इंजिन. स्पेलिंग आठवून बघा. चारही शब्द ‘ई’ने सुरू होतात आणि ‘ई’नेच संपतात, कसेही मागेपुढे केले तरी साखळी तुटत नाही. यातलं ‘एज’ म्हणजे कड की वय, याच्याशी पोराला कर्तव्य नाही आणि पेपरालाही नाही.

शेजारीच दुसरा प्रश्न बसलेला असतो: ‘इम्पॉर्टंट’सारख्या एखाद्या शब्दातली अक्षरं घेऊन किमान तीन अक्षरांचे चार शब्द बनवा. अँट, रॅट, मॅन, मॅप. दोन गुण खिशात. खुद्द ‘इम्पॉर्टंट’ कुठे वापरायचा, हे कुणी विचारलेलंच नाही. आणखी एका प्रश्नात चार शब्द वर्णानुक्रमे लावायचे. हे काम फोनमधली नंबरांची यादी कुणी न सांगता करते. पेपरात उतारे असतात, पत्रलेखन असतं, हे मान्य. पण महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं भाषा शिकवून झाल्यावर तिच्या शब्दांची चौकशी आपण त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या अक्षरापुरती करतो.

घरात याहून मजा. पाहुणे आले की दोन वर्षांच्या बाळाची शब्दसंपत्ती दिवाणखान्यात मांडली जाते. काऊ दाखव. नोज कुठंय? बनाना कोणता? सगळी नामंच. क्रियापद आलं की मात्र मायबोलीला आत बोलवावं लागतं: ईट कर, स्लीप कर, हँड वॉश कर, डॉगीला टच नको करू. बिचारं ‘कर’ सगळा भार ओढतं आणि इंग्रजी नटूनथटून सोफ्यावर बसतं. हेच बाळ मोठं होऊन मुलाखतीला जातं तेव्हा शेजारी ‘कर’ नसतो. मग घसा कोरडा पडतो आणि दोष ‘कॉन्फिडन्स’ला जातो.

कॉलेजात वजनदार शब्दांचा मोसम सुरू होतो. अमेरिकेला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या पोरांच्या कितीतरी तुकड्यांनी जीआरईसाठी बॅरन्सची साडेतीन हजारांच्या आसपासची यादी ‘अबेस’पासून घोकली. घोकताना प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ धरला. 2011 च्या ऑगस्टमध्ये परीक्षेने विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे सुटे प्रश्न काढून टाकले, शब्द वाक्यात बसवून दाखवा म्हणाली. इकडे याद्यांचा धंदा थांबला नाही. सौंदर्याला ‘पल्क्रिट्यूड’ म्हणतात हे ठाऊक असलेला मुलगा तिकडे घरमालकाला फोन करतो तेव्हा त्याला सांगायचं असतं, की नळ गळतोय, संडासचं भांडं तुंबलंय, माणूस पाठवा. यादीत नळ नसतो.

या रोगाचं निदान होऊन शंभर वर्षं होत आली, आणि तेही फार लांब झालेलं नाही. मायकेल वेस्ट हे गृहस्थ ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलांच्या वाचनपुस्तकांत पुन्हा कधी भेटणार नाहीत असे शब्द ठासून भरलेले होते. वेस्टनी ते उपटून काढले, रोजच्या वापरातले ठेवले आणि तेच ते पुन्हा पुन्हा येतील अशी पुस्तकं लिहिली. पुढे 1953 मध्ये त्यांच्या नावावर सुमारे 2000 शब्दांची यादी निघाली. यादी म्हटलं की आपले कान टवकारतात, पण हिच्यात एक खोच होती. एका शब्दाचे वेगवेगळे अर्थ मांडून त्यातला कोणता किती टक्के वेळा येतो, तेही दिलेलं होतं. आपल्या वहीत शब्दापुढे बरोबरचं चिन्ह आणि पहिला अर्थ. विषय संपला.

दुसरे हॉर्नबी. हे जपानात शिकवायचे. शिकणाऱ्यांना शब्दाच्या अर्थापेक्षा त्याची चालचलणूक कळत नाही, हे त्यांनी हेरलं. कोणत्या क्रियापदापुढे काय चालतं आणि काय चालत नाही, हे सांगणारा त्यांचा शब्दकोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला. जपान आणि इंग्लंड तेव्हा एकमेकांशी लढत होते. त्याचाच पुढचा अवतार म्हणजे आपली ऑक्सफर्डची अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी. ती आपल्याकडे बक्षीस समारंभात मिळते आणि शोकेसमध्ये ट्रॉफीशेजारी उभी राहते.

लाहोरला इंग्रजी शिकवून गेलेल्या फर्थ नावाच्या प्राध्यापकांनी पुढे सांगितलं, शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधणाऱ्यांना हे निराळं सांगायची गरज नव्हती. तरी आपण प्रत्येक शब्द वेगळ्या दावणीला बांधतो. म्हणून पोरांच्या इंग्रजीत पाऊस ‘बिग’ पडतो आणि चहा ‘हार्ड’ होतो. दोन्ही शब्दांचे अर्थ पाठ, स्पेलिंगही चोख.

आता कुणी म्हणेल, मग सोपे शब्द द्या की. तेही एकाने करून पाहिलं. केंब्रिजच्या ऑग्डेननी 1930 मध्ये अख्खी इंग्रजी 850 शब्दांत बसवली. क्रियापदं अवघी 18: गेट, टेक, पुट, मेक, गिव्ह, गो असली. चर्चिलही भाळले त्यावर. पण घोळ तिथेच झाला. यादी छोटी करताना ऑग्डेननी सगळं ओझं या बारक्या शब्दांच्या डोक्यावर दिलं. ‘टॉलरेट’ हा शब्द यादीतून गेला आणि त्याच्या जागी ‘पुट अप विथ’ आलं. तीन शब्द, तिन्ही ओळखीचे, आणि मिळून होणारा अर्थ तिघांपैकी एकाच्याही घरचा नाही. आपल्या मुलाला विचारा, ‘टॉलरेट’ त्याला दहापट सोपा वाटेल. लठ्ठ शब्द एकदा पाठ केला की गप्प बसतो. बारके शब्द मात्र ज्याच्याशेजारी उभे राहतात त्याच्याप्रमाणे रंग बदलतात, आणि इंग्रजी माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांच्यावरच जगतो.

तेव्हा शिकवायचं तर हे शिकवायला हवं. नुसत्या ‘गेट’चीच मोठ्या शब्दकोशात पानंच्या पानं आहेत. उठणं, मिळणं, समजणं, पोचणं, भिजणं, लग्न करणं, सगळीकडे हाच. (फाटक वेगळं.) त्याचे दोन गुणांचे तुकडे पडत नाहीत, आदर्श उत्तरपत्रिका निघत नाही. चांगला शिक्षक वर्षभर दहा-बारा असले शब्द घेऊन बसला, मुलांना बोलायला लावलं, लिहायला लावलं, चुकू दिलं, तर पालकसभेत पहिला प्रश्न येईल: पोर्शन कधी संपणार?

एखाद्या क्लासवाल्याने धाडस करून चौकात फ्लेक्स लावून पाहावा: ‘तीन महिन्यांत फक्त गेट, टेक आणि पुट.’ पालक थांबतील, वाचतील, आणि समोरच्या पाच हजार शब्दवाल्याकडे फी किती म्हणून विचारायला जातील.