पुढील आदेशापर्यंत

पॅलेस्टिनी स्वशासनाची मुदत ४ मे १९९९ रोजी संपली. ती संपल्याचे संबंधितांना अद्याप लेखी कळवण्यात आलेले नाही, त्यामुळे कारभार चालू आहे.

ओस्लो करार पाच वर्षांचा होता. पाच वर्षांत सरहद्द, जेरुसलेम, निर्वासित आणि वसाहती हे चार किरकोळ विषय मिटवायचे आणि मग हे हंगामी प्रकरण गुंडाळून काय ते कायमचे ठरवायचे, अशी योजना होती. आपल्याकडे घर भाड्याने देणारा अकरा महिन्यांचा करार करतो, कारण पुढे काय होईल याची त्याला खात्री नसते. इथे पाच वर्षांचा केला, आणि घर ज्यांचे होते त्यांनाच भाडेकरूच्या रकान्यात सही करायला लावली. या करारावर १३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर सह्या झाल्या. फोटो निघाला इस्रायलचे राबिन आणि पॅलेस्टिनींचे अराफत यांच्या हस्तांदोलनाचा, मागे दोन्ही हात पसरून उभे असलेले क्लिंटन. मात्र पॅलेस्टिनी बाजूने कागदावर सही केली ती महमूद अब्बास नावाच्या एका गृहस्थांनी. त्या दिवशी त्यांच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. फोटोतला माणूस जातो आणि सही करणारा उरतो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नसावे.

अंमलबजावणीचा करार कैरोत झाला, ४ मे १९९४ला. त्या दिवशी यजमान, इजिप्तचे होस्नी मुबारक यांचा वाढदिवस होता. व्यासपीठावर अमेरिका आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री, समोर जगभरचे कॅमेरे. अराफत यांनी मजकुरावर सह्या केल्या आणि नकाशे तसेच कोरे सोडून दिले. जेरिकोचा तुकडा केवढा, याबद्दल त्यांचे समाधान झालेले नव्हते. राबिन यांनी पाने उलटली, सह्या नाहीत हे पाहिले आणि तिथेच ताठ उभे राहिले. मग व्यासपीठावर जी कुजबुज, हातवारे आणि मनधरणी झाली, ती टीव्हीवर साऱ्या जगाने पाहिली. मंडळी आत गेली, बाहेर आली, सह्या झाल्या, टाळ्या पडल्या. नकाशा न बघता मजकुरावर सही करणारे पुढारी पुष्कळ पाहिले. नकाशा बघून थबकलेला हा एकच, आणि त्यालाही वाढदिवसाच्या मुहूर्तासाठी घाई करण्यात आली.

पुढच्या वर्षी नकाशा आणखी सुधारला. वेस्ट बँकेचे अ, ब, क असे तीन वर्ग पाडले. अ वर्गात पॅलेस्टिनी कारभार आणि पॅलेस्टिनी पोलीस, ब वर्गात कारभार यांचा आणि बंदोबस्त इस्रायलचा, क वर्गात दोन्ही इस्रायलचे. क वर्ग साठ टक्क्यांच्या आसपास, आणि सलग. बाकीचे चाळीस टक्के त्यात मोदकावरच्या तिळासारखे विखुरलेले म्हणावे, तर मोदक तरी खायला मिळतो. हंगामी काळ सुरू झाला तेव्हा वेस्ट बँकेतल्या इस्रायली वसाहतींत लाखभर माणसे होती, आज पाच लाख आहेत. हंगामात पीक आले ते असे.

अराफत यांचा कारभार ‘सही-केंद्रित’ होता. क्रांतिकाळात अम्मान, बैरुत, ट्युनिस अशी बिऱ्हाडे हलवताना खिशातल्या वहीवर संघटना चालवायची सवय लागलेली. गाझात आल्यावर वहीचे सरकार झाले, सवय तीच राहिली. लहानसहान खर्चाच्या चिठोऱ्यावरही साहेबांची सही लागे आणि ती मिळवायला माणसे मध्यरात्रीपर्यंत बाहेर बसून असत. १९९६च्या निवडणुकीत त्यांच्या विरोधात समीहा खलील या समाजसेविका उभ्या राहिल्या, सत्तरी ओलांडलेल्या. अराफत यांना जवळजवळ ८८ टक्के मते पडली. बाईंनी निदान मतपत्रिकेवर दुसरे नाव असते हे दाखवून दिले, आणि त्या प्रदेशात हे थोडके नव्हे. निवडून आलेल्या विधिमंडळाने १९९७ साली मूलभूत कायदा, म्हणजे या कारभाराची राज्यघटनाच, मंजूर करून राष्ट्राध्यक्षांकडे सहीला पाठवला. ज्या हाताने टेबल-खुर्चीच्या खरेदीवर रातोरात सही होत होती, त्याच हाताला या कागदापर्यंत पोहोचायला २००२ साल उजाडले. तोवर रामल्लातल्या त्यांच्या मुकाटा या मुख्यालयाभोवती इस्रायली रणगाडे येऊन गेलेले होते.

आता जरा नीट ऐका, कारण इथून कथानक रंगते.

अराफत यांच्या हातात फार सत्ता एकवटली आहे, असा साक्षात्कार अमेरिकेला झाला. उपाय म्हणून पंतप्रधानपद निर्माण करण्याचा आग्रह धरण्यात आला. २००३ साली घटना दुरुस्त झाली, पद तयार झाले आणि त्यावर आले ते हिरवळीवरचे सही करणारे अब्बास. पोलीस कोणाच्या हुकमात, यावरून अराफत आणि त्यांचे बिनसले. काही महिन्यांत अब्बास यांनी राजीनामा दिला. राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानाला काम करू देत नाहीत, ही त्यांची तक्रार. अगदी रास्त होती.

अराफत नोव्हेंबर २००४मध्ये पॅरिसजवळच्या इस्पितळात वारले. ९ जानेवारी २००५ रोजी अब्बास राष्ट्राध्यक्ष निवडून आले, चार वर्षांसाठी. पुढच्याच जानेवारीत विधिमंडळाची निवडणूक झाली. निवडणुका घ्याच, असा वॉशिंग्टनचा धोशा होता. लोकशाहीचे ते दिवसच होते. मतदार रांगेने आले, निरीक्षकांनी निवडणूक चोख झाल्याचे सांगितले, आणि १३२पैकी ७४ जागा हमासला मिळाल्या. मतांची टक्केवारी पाहिली तर अराफत-अब्बास यांची फतह फार मागे नव्हती. मतदारसंघांत मात्र फतहचा अधिकृत उमेदवार, त्याच्या शेजारी फतहचा नाराज उमेदवार आणि त्याच्याही पलीकडे फतहचा नाराजांवर नाराज उमेदवार, असा थाट होता. तिकीट वाटपावरून रुसणे ही कला आपलीच मक्तेदारी आहे, असा मराठी वाचकाचा समज असेल तर तो त्याने सोडावा.

इस्माईल हनिये पंतप्रधान झाले आणि दात्या देशांना नवा साक्षात्कार झाला. पंतप्रधानाच्या हातात फार सत्ता एकवटली आहे! जे पद राष्ट्राध्यक्षांचे अधिकार कमी करण्यासाठी तीन वर्षांपूर्वी खास बनवून घेतले होते, त्याचे अधिकार कमी करून ते राष्ट्राध्यक्षांकडे परत न्यावेत, असा आता उपदेश सुरू झाला. मदतीचे पैसे सरकारला वळसा घालून पोहोचवण्यासाठी युरोपने वेगळी यंत्रणा उभारली. तिचे नाव अर्थातच ‘तात्पुरती आंतरराष्ट्रीय यंत्रणा’. घटना तीच, कलमे तीच, फक्त कुठल्या खुर्चीत कोण बसले आहे हे पाहून सत्तेचे विभाजन कोणत्या बाजूला करायचे ते ठरायचे. माँतेस्क्यू एवढा लवचीक असता तर त्याला पुस्तक लिहायची गरजच पडली नसती.

जून २००७मध्ये हमासने बंदुकीच्या जोरावर गाझा घेतला. अब्बास यांनी हनिये यांना बडतर्फ करून अर्थतज्ज्ञ सलाम फय्याद यांना नेमले. हनिये म्हणाले, बडतर्फी मान्य नाही. एका स्वराज्याला दोन सरकारे मिळाली. शेजाऱ्यांकडे नसलेली चैन.

या चैनीचा सर्वांत सुरस भाग म्हणजे गाझातले सरकारी नोकर. रामल्लाने बऱ्याच कर्मचाऱ्यांना फर्मान काढले की हमासच्या हाताखाली कामाला जाऊ नका. गेलात तर पगार बंद. घरी बसलात तर चालू. त्याप्रमाणे हजारो माणसे वर्षानुवर्षे निष्ठेने घरी बसली. जगात इतरत्र कामचुकारपणाबद्दल शिक्षा होते, इथे हजेरी लावणे हा शिस्तभंग ठरला. रिकाम्या टेबलांवर हमासने आपली माणसे भरली, त्यांचा पगार वेगळा. २०१४ साली दोन्ही बाजूंनी गळाभेट घेऊन एकजुटीचे सरकार बनवले. पगाराच्या दिवशी घरी बसलेल्यांचे पैसे खात्यावर आले आणि कामावर जाणाऱ्यांचे आले नाहीत. एटीएमपुढे मारामाऱ्या झाल्या, बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. एकजूट तिथेच, त्या यंत्रापुढे, आटोपली. २०१७ साली अब्बास यांनी घरी बसणाऱ्यांच्या पगारालाही कात्री लावली. कारण कामाचा दर्जा घसरला असे नव्हते.

पगार देणार कोण, हाही भाग आहे. १९९४च्या पॅरिस करारानुसार आयातीवरचे कर इस्रायल गोळा करतो, तीन टक्के हमाली कापतो आणि उरलेले रामल्लाला देतो. महसुलाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग या वाटेने येतो. मर्जी फिरली की वाट बंद. २०१९ साली इस्रायलने कैद्यांच्या कुटुंबांना दिल्या जाणाऱ्या भत्त्यांइतकी रक्कम कापली, तेव्हा रामल्लाने बाणेदारपणे सांगितले, घेऊ तर पूर्ण घेऊ, नाहीतर एक पैही नको. काही महिन्यांनी कापलेलीच घेतली. बाणेदारपणाला व्याज मिळत नाही. इकडे शिक्षकाचा पगार तुकड्यातुकड्यांनी येतो आणि सुरक्षादलांवर खर्च मात्र उदंड. इस्रायलशी चालणारा ‘सुरक्षा समन्वय’ पवित्र असल्याचे अब्बास यांनी २०१४ साली सांगितले होते. पुढे तो थांबवल्याच्या घोषणाही त्यांनीच केल्या. पवित्र गोष्टीचा अधूनमधून उपास करतात, तसेच असावे.

फतह आणि हमास यांचा समेट हा तर पर्यटनाचा स्वतंत्र विभाग आहे. मक्का झाले, साना झाले, कैरो झाले, दोहा झाले, गाझातली शाती छावणी झाली, पुन्हा कैरो, मग अल्जियर्स, आणि २०२४च्या जुलैत थेट बीजिंग. तिथे चौदा गटांनी एकत्र फोटो काढला. समेट दरवेळी ऐतिहासिक होतो. तेवढ्यात गाझात काय झाले ते जगाला ठाऊक आहे. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने केलेल्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली गेली, आणि त्यानंतरच्या इस्रायली युद्धात गाझातली माणसे दहा-दहा हजारांनी. त्यावर विनोद करण्याची या सदराची लायकी नाही. एवढे नोंदवतो की ज्या हमासने मतांवर सत्ता मिळवली, तिनेही गाझात सोळा वर्षांत दुसऱ्यांदा मते मागितली नाहीत. या एका मुद्द्यावर दोन्ही सरकारांत कधीच मतभेद नव्हता.

निवडणूक घ्यायची नाही असे मात्र रामल्लात कोणी म्हणत नाही. जानेवारी २०२१मध्ये अब्बास यांनी चक्क तारखा जाहीर केल्या. २२ मे विधिमंडळ, ३१ जुलै राष्ट्राध्यक्ष. लोकांनी इतके मनावर घेतले की पात्र मतदारांपैकी ९३ टक्क्यांची नोंदणी झाली. छत्तीस याद्या दाखल झाल्या. घोळ इथेच झाला. अराफत यांचे भाचे नासेर अल किदवा यांनी वेगळी चूल मांडली, त्यांना फतहने काढून टाकले. मग २००२पासून इस्रायली तुरुंगात असलेले फतहचे पुढारी मरवान बरघूती यांनी त्यांच्या यादीला पाठिंबा दिला. तुरुंगातला माणूस बाहेरच्यांपेक्षा जास्त लोकप्रिय असल्याचे पाहणीमागून पाहणी सांगत होती. २९ एप्रिलला अब्बास यांनी निवडणूक पुढे ढकलली. कारण दिले जेरुसलेमचे. इस्रायल पूर्व जेरुसलेममध्ये मतदान होऊ देत नाही, आणि जेरुसलेमशिवाय निवडणूक नाही.

कारण खोटे नव्हते, हेच त्यातले कसब. पूर्व जेरुसलेममध्ये यापूर्वी मतदान झाले ते इस्रायली टपाल कार्यालयांत. मत पाकिटात घालायचे आणि खिडकीवर द्यायचे. पेटीची फट वर असावी की बाजूला, यावरही घासाघीस झालेली. वर असली तर ती मतपेटी होते आणि शहरावरचा हक्क सिद्ध होतो. बाजूला असली तर टपालपेटी, आणि माणूस फक्त पत्र टाकायला आलेला असतो. अशा फटीतूनसुद्धा १९९६, २००५ आणि २००६ साली मते पडली. २०२१ साली फट सापडेना, आणि ती सापडू नये म्हणून दोन्हीकडचे अधिकारी मनोभावे शोधत होते. त्या रद्द निवडणुकीतले एक उमेदवार, कारभारावर जाहीर टीका करणारे निझार बनात, यांना जून २०२१मध्ये पॅलेस्टिनी सुरक्षादलाने हेब्रॉनमध्ये पकडले. ते कोठडीत मेले.

थोडा हिशेब. १९८८ साली अल्जियर्समध्ये पॅलेस्टाइनच्या राज्याची घोषणा झाली, भारताने त्याच आठवड्यात मान्यताही दिली. त्या वर्षानंतर जन्मलेल्या एकाही पॅलेस्टिनी माणसाने आपले विधिमंडळ निवडलेले नाही. त्यांना मत टाकायची हौस असेल तर बिरझेत विद्यापीठात प्रवेश घ्यावा. तिथल्या विद्यार्थी निवडणुकीकडे सगळे पक्ष राष्ट्रीय निकालासारखे डोळे लावून बसतात. २०२२ साली ५१पैकी २८ जागा हमासच्या बाजूच्या गटाने नेल्या, तेव्हा फतहच्या स्थानिक नेतृत्वात राजीनामे निघाले. पोरांच्या निवडणुकीची जबाबदारी थोरांनी घेतली, एवढी लोकशाही शिल्लक आहे.

सप्टेंबर २०२५मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स या सर्वांनी एका दमात पॅलेस्टाइनला राज्य म्हणून मान्यता दिली. त्या राज्याच्या राष्ट्राध्यक्षांना अमेरिकेने न्यूयॉर्कचा व्हिसा दिला नाही, त्यांनी संयुक्त राष्ट्रांतले भाषण व्हिडिओवरून केले. गाझासाठी जी नवी योजना आली तिच्यात ‘शांतता मंडळ’ आहे, त्याचे अध्यक्ष ट्रम्प स्वतः आहेत. पॅलेस्टिनी प्राधिकरणाने आधी सुधारणा करून दाखवाव्यात, मग पाहू, असे त्यात लिहिले आहे. सुधारणा २००२पासून मागितल्या जात आहेत.

अब्बास यांचा जन्म १९३५चा. चार वर्षांची मुदत जानेवारी २००९मध्ये संपली, मग एक वर्ष वाढवली, मग पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या, म्हणजे पीएलओच्या, मध्यवर्ती परिषदेने निवडणूक होईपर्यंत त्यांनी राहावे असा ठराव केला. २०१८ साली विधिमंडळही बरखास्त झाले. घटनेनुसार खुर्ची रिकामी पडली तर साठ दिवस सभापतींनी सांभाळायची. पण विधिमंडळ नाही म्हणून सभापती नाही. तेव्हा नोव्हेंबर २०२४मध्ये फर्मान निघाले की रावही फत्तूह सांभाळतील. हे तेच गृहस्थ, ज्यांनी अराफत गेल्यावर साठेक दिवस खुर्ची सांभाळली होती, अनुभवी उमेदवार. वर्षभरात नवे फर्मान निघाले. आता उपाध्यक्ष हुसेन अल शेख सांभाळतील, नव्वद दिवसांपुरते, आणि त्या अवधीत निवडणूक घेतील. परिस्थिती अनुकूल नसल्यास मुदत वाढवून देण्याची सोय आहे. वाढ मध्यवर्ती परिषदेने द्यायची, आणि ती फक्त एकदाच.