बँक हॉलिडेसाहेबांस, खामगावहून

मा. बँक हॉलिडेसाहेब,
मु. पो. भिंतीवरचं कॅलेंडर, लाल आकडा



आपली-माझी गाठ महिन्यातून सहादा तरी पडते. चार रविवार, दोन शनिवार. सणवार त्याशिवाय. तरी रीत म्हणून ओळख देतो. खामगावच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पेरणी यंत्रं, वखर बनवतो. नऊ माणसं कामाला. हजेरीपट मीच लिहितो, खाडे मीच मोजतो आणि पगाराच्या आदल्या रात्री झोप उडते तीही माझीच.

आपलं खानदान मोठं, हे मान्य. १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, कलम २५. इंग्रजांनी हुंडी-चेकच्या व्यवहारासाठी कायदा केला, आणि त्याच्याच आधारावर आजही मंत्रालयातून दरवर्षी आपली यादी निघते. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवारही आपल्या घरात दत्तक आले. (पहिल्या-तिसऱ्याने काय घोडं मारलं होतं, ते कळलं नाही. पाचवा तर बिचारा कधीमधीच उगवतो.) रिझर्व्ह बँकेच्या यादीत महाराष्ट्रापुरती तीनच नावं दिसतात: मुंबई, नागपूर, बेलापूर. म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाने स्वतःला नागपूरकर समजायचं आणि मग तारीख पाहायची. अस्सल वऱ्हाडी माणसाला हे किती जड जातं, ते आपल्याला कळायचं नाही.

आता हा मार्च २०२६ घ्या. आमच्याकडे महिन्याच्या मध्यावर उचल देतात. उचलीचा दिवस १५, तो रविवार. १४ ला दुसरा शनिवार. १९ ला गुढीपाडवा. २१ ला रमजान ईद, तीही चंद्राच्या मर्जीवर. २६ ला रामनवमी. २८ ला चौथा शनिवार, २९ ला रविवार. ३० ला आपण चुकून गैरहजर, त्यामुळे सगळा तालुका त्या दिवशी काउंटरवर. ३१ ला महावीर जयंती. मार्चअखेर म्हणून सरकारी भरण्यासाठी शाखा उघड्या ठेवायचा हुकूम बऱ्याचदा निघतो, पण तो सरकारच्या तिजोरीसाठी. माझ्या नऊ पाकिटांसाठी कोणी हुकूम काढत नाही. १ एप्रिलला बँकांचा वार्षिक हिशेब. ३ ला गुड फ्रायडे. ४ ला पहिला शनिवार, तो चालू. ५ ला रविवार. मग सोमवार, आणि मग ७ तारीख.

७ तारखेचं महत्त्व आपल्याला ठाऊक असेलच. १९३६ च्या वेतन कायद्यात आमच्यासारख्या लहान धंद्याला हीच मुदत होती, आणि गेल्या नोव्हेंबरात लागू झालेल्या वेतन संहितेतही महिन्याचा पगार ७ च्या आतच. जुन्या कायद्यात एक गंमत होती. पगार कामाच्या दिवशीच वाटावा, असं त्यात लिहिलेलं होतं. काम कोणाचं, कारखान्याचं की बँकेचं, तेवढं मात्र लिहायचं राहिलं. लोक आपली यादी पाहून महाबळेश्वरचं बुकिंग करतात. मी २ एप्रिलवर फुली मारून ठेवतो.

इथवर माझी तक्रार नाही. सुट्टी सगळ्यांनाच हवी, काउंटरमागच्या माणसालाही घरदार आहे. माझा राग वेगळा आहे. साहेब, आपण माणूस बघून वागता. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास. १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास. आणि १ ऑगस्ट २०२१ पासून नॅचसुद्धा आठवड्याचे सातही दिवस. नॅच म्हणजे खात्यातून कर्जाचा हप्ता कापून नेणारी यंत्रणा. तिला ना पाडवा, ना ईद, ना रविवार. जाणाऱ्या पैशाने सुट्टी कधीच सोडली. येणारा पैसा तेवढा आपल्या नावाने पाय पसरून झोपतो.

कारण येणारा पैसा चेकने येतो. ट्रॉली घेऊन जाताना गिऱ्हाईक खिशातून चेकबुक काढतं आणि प्रेमाने म्हणतं, "भाऊ, सोमवारी टाका बरं का, शनिवारी तशीही बँक बंद." त्याला आपली यादी तोंडपाठ. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटू लागला, ही सुधारणा खरीच चांगली. पण तो दिवस बँकेचा असावा लागतो. गेल्या सप्टेंबरात ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगरात ५ वरून ८ ला नेली, बाकी राज्यात ती ५ लाच राहिली. शुक्रवारी आमची बँक बंद, सोमवारी मुंबईच्या पार्टीची. पार्टीने दोन्ही सुट्ट्या भक्तिभावाने पाळल्या.

आमचा जुना वेल्डर आहे. हात असा की जोड शोधायला बोट फिरवावं लागतं. त्याच्या मोटारसायकलचा हप्ता दर महिन्याच्या ५ ला. त्याला मी म्हटलं, या वेळी पगार सरळ खात्यात टाकतो, रोकड काढायचा घोळ नको. त्याने मुखवटा वर केला.

"भाऊ, समदे खात्यात नोका टाकू. मागचा हप्ता हुकला, त्याचा दंड बाकी हाय. पैसे पडले का बँक आधी आपलं कापते. मंग बाजाराले काय नेऊ?"

"मग करू काय?"

"हप्त्यापुरते खात्यात टाका, पाचच्या आंधी. बाकी नगदी द्या."

हिशेब बिनचूक. कायदा म्हणतो ७, हप्ता म्हणतो ५, तो रविवार. म्हणजे खात्यातले पैसे ४ च्या रात्रीपर्यंत पडलेच पाहिजेत. रोकड ४ ला काढावी, तर पहिल्याच सुट्टीनंतर निम्म्या एटीएमवर कागद चिकटवलेला असतो आणि काउंटरवर पाचशेचे गठ्ठे. नऊ पाकिटांना सुटे लागतात. म्हणून २ एप्रिल. आणि २ एप्रिलला काढायला पैसे हवेत म्हणजे गिऱ्हाइकाचा चेक ३० मार्चला पडायला हवा, म्हणजे त्याला २५ पासून फोन लावायचे. २६ ला त्याचा फोन लागणार नाही, रामनवमी आहे. असं उलटं मोजत गेलं की एप्रिलचा पगार गुढीपाडव्याच्या आसपास सुरू होतो.

आपली यादी आणि आमचा जिल्हा यांचं जमत नाही, हेही कानावर घालतो. पोळ्याला बँक उघडी असते, पण वर्कशॉपात चिटपाखरू नसतं. आषाढी करून परतलेली गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावला निघते, तेव्हा अख्खं गाव तिच्यामागे पायी जातं, माझे नऊच्या नऊ धरून. त्या दिवशी काउंटर मोकळा, आणि पगार घ्यायला माणूस नाही. अक्षय्य तृतीयेला भेंडवळला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं भाकीत सांगतात. पगाराच्या आठवड्यात बँक किती दिवस उघडी राहील, तेवढंही सांगून टाका, असं तिथे जाऊन सुचवायचा माझा विचार आहे.

आणि ज्या सुट्ट्या आपल्या यादीत नसतात त्यांचं काय? गेल्या वर्षी २४ आणि २५ मार्चला संप जाहीर झाला. आधीचा २२ चौथा शनिवार, २३ रविवार. चार दिवस बंद म्हणून लोकांनी आधीच रोकड काढून घरात आणली, आणि मग ऐनवेळी संप पुढे ढकलला. गादीखालचे पैसे परत भरायला त्याच काउंटरवर रांग. संपवाल्यांची मागणी पाच दिवसांच्या आठवड्याची. म्हणजे पहिला, तिसरा आणि पाचवाही शनिवार आपल्याच घरी नांदायला येणार. येऊ द्या. पतसंस्थेचा पिग्मी एजंट तेव्हाही रोज संध्याकाळी पावतीपुस्तक घेऊन माझ्या दारात असेल. सुट्टी हा शब्द त्याच्या गावीच नाही.

मागणी एवढीच. ज्या दिवशी काउंटर बंद, त्या दिवशी कापणंही बंद. रविवारी आलेला हप्ता सोमवारी संध्याकाळी कापला तर कोणत्याच बँकेचं दिवाळं निघणार नाही, आणि वेल्डरचा दंड वाचेल. सुट्टी घ्यायची तर घरातल्या सगळ्यांनी घ्या. नुसत्या सुनेलाच चुलीपाशी बसवू नका.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
नऊ पाकिटांचा धनी

ता. क. उचलीचे पैसे काढायला शुक्रवारी १३ तारखेला तीनच्या आत येतो. शंभराच्या नोटा ठेवायला सांगा, आणि लिंक नाही म्हणू नका.